पुळणीचा ताप

मार्चमधली दुपार. पुळण एवढी तापलेली की अनवाणी पाय ठेववत नाही. सुरूच्या सावलीतून उठून तो जाळीच्या कुंपणाचं दार उघडतो, गुडघ्यांवर बसतो आणि उजवा हात हळूहळू कोपरापर्यंत वाळूत घालतो. तापमापक खिशात असतो, पण तो नंतर निघतो. आधी हात. अंगात कणकण असलेल्या पोराच्या मानेला आई लावते तसा. वरची वाळू चटका देते, मग नुसती ऊब, मग ओलसर गारवा. तो गारवा नेमका कुठे सुरू होतो, एवढंच त्याला बघायचं असतं. पूर्वी तो वीतभर खाली लागायचा. अलीकडचे काही मार्च असे गेले की हात कोपरापर्यंत गेला तरी लागला नाही.

दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातल्या एका गावाचा तो कासवमित्र. हंगामापुरतं मानधन मिळतं. उरलेलं वर्ष थोड्या पोफळी, थोडी आंब्याची कलमं आणि घरी उतरणाऱ्या पाहुण्यांचं जेवणखाण यावर निघतं. नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिल लागेपर्यंत, रोज पहाटे चारच्या पुढेमागे उठायचं आणि खाडीच्या मुखापासून खडकापर्यंत अख्खी पुळण चालायची. पाण्यातून वर आलेली आणि परत पाण्यात गेलेली, छोट्या ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी खूण शोधायची. खूण सापडली की घरटं शोधायचं. हे काम त्याला कुणाला शिकवावं लागलं नाही. ते त्याला लहानपणापासून येत होतं, आणि का येत होतं हे तो कुणी न विचारताही सांगतो.

त्याच्या लहानपणी गावात कासवाची अंडी खाल्ली जायची. वडील टोकदार काठी घेऊन निघायचे, मागून हा पिशवी घेऊन. खुणेच्या टोकाशी वाळूत काठी खुपसत जायचं. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्यावर मात्र ती एकदम आत जाते आणि टोकाला पिवळं लागून वर येते. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, चामड्यासारख्या मऊ कवचाची. चार घरी वाटली जात, उरलेली विकली जात. जे वाचत त्यावर कोल्हे आणि घोरपडी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा, त्यात हे ऑलिव्ह रिडले कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण तो कागद पुळणीपर्यंत पोचायला फार वर्षं गेली.

पोचला तो वेळासमार्गे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी किनारे फिरत होती. वेळासच्या पुळणीवर त्यांना उकरलेली घरटी आणि अंड्यांची टरफलं दिसली, आणि कासवांचं काम सुरू झालं. पुढे हे काम एकेका गावात पसरत गेलं तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच माणूस शोधला गेला: ज्याला घरटं सापडतं तो. असा माणूस म्हणजे बहुतेकदा अंडी काढणाराच. मला ही या साऱ्या प्रयत्नांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. त्यांनी चोराला पकडलं नाही, त्याला त्याच्या कसबासकट कामावर घेतलं. वडिलांची ती काठी मात्र त्याने पहिल्याच हंगामात बाजूला ठेवली. काठीने एखादं तरी अंडं फुटतं. तेव्हापासून तो बोटांनीच चाचपतो.

काम सोपं वाटलं होतं. घरटं उकरायचं, अंडी बादलीत भरायची, कुंपणाआड तसाच खड्डा करून त्यात ठेवायची. कोल्ह्याकुत्र्यांपासून, भरतीपासून आणि गावातल्या माणसांपासून सुटका. पहिल्याच वर्षी एका सकाळी लांबच्या टोकाला घरटं सापडलं. उजाडून बराच वेळ झाला होता. त्याने बादली मोटारसायकलच्या मागे बांधली आणि खडकाळ रस्त्याने आणली. पंचावन्न दिवस झाले, साठ झाले, घरट्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीखाली काहीच हललं नाही. उकरलं तेव्हा वासाने मागे सरावं लागलं. एकही पिल्लू नव्हतं. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, हिंदकळलं की तो मरतो. हे त्याला नंतर कळलं. शंभराहून जास्त जीव आपल्या हाताने गेले, हे तो आजही याच शब्दांत सांगतो. तेव्हापासून अंडी जशी होती तशीच उचलायची, वरची बाजू वर ठेवून, तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू घालून, आणि चालतच आणायची. खड्डाही तसाच हवा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, सुरईसारखा, दीड फूट खोल.

दुसरा धडा उजेडाचा होता.

पिल्लं रात्री किंवा पहाटे वर येतात. वाळू गार होईपर्यंत ती पृष्ठभागाखाली थांबून राहतात आणि मग सगळी एकदम निघतात. डोळ्यांना जिकडे जास्त उजळ दिसेल तिकडे. हजारो वर्षं ती बाजू समुद्राचीच होती, कारण मागे काळोखी झाडी आणि पुढे चांदण्यात चमकणारं पाणी. एका फेब्रुवारीत कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात उचकटली होती. पहाटे तो आला तेव्हा टोपली कलंडलेली आणि वाळूवर बारीक नक्षीसारखे असंख्य माग. ते पाण्याकडे जात नव्हते. सगळे वळून गावाकडे, नव्याने झालेल्या एका लॉजच्या दिव्यांकडे गेले होते. सुरूच्या गळलेल्या काड्यांत अडकलेली पिल्लं त्याने एकेक करून उचलली. काही जिवंत होती, बरीच कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी संपवली होती, आणि काही नुसतीच वाळून कडक झाली होती, रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या खांबाखाली.

लॉजच्या मालकाशी भांडण करून काही झालं नसतं. त्याने मेलेली पिल्लं एका परडीत घालून मालकासमोर ठेवली. समुद्राकडच्या बाजूचे दिवे हंगामापुरते रात्री बंद राहू लागले. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. दरवर्षी कुठेतरी नवा फ्लडलाइट लागतो आणि दरवर्षी त्याला नव्याने जावं लागतं.

दिवसाउजेडी येणाऱ्या माणसांची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण त्याचं घरही त्यांच्यावरच चालतं. वेळासला कासव महोत्सव सुरू झाला आणि गर्दी होऊ लागली. आंजर्ल्यापर्यंत आजूबाजूच्या गावांतही लोक येऊ लागले. पिल्लं सोडताना पाहायला पुण्या-मुंबईहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, घराघरांत उतरतात, आमटीभात, सोलकढी, उकडीचे मोदक खातात. गावातल्या बायकांच्या हातात या हंगामात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. त्याच्या बायकोने त्यातून घराला नवी कौलं घातली. हे सगळं कासवांमुळे झालं आणि कासवं वाचली तीही यामुळेच, यात त्याला शंका नाही.

पण एका जानेवारीच्या रात्री पाहुण्यांच्या आग्रहाला तो बळी पडला. “काका, पिल्लं तर सगळेच बघतात. आम्हाला मोठं कासव बघायचंय.” आठ-दहा जणांना घेऊन तो पुळणीवर बसला. साडेबाराच्या सुमारास मादी आली. ओल्या वाळूवर थांबली, मान वर केली, थोडं सरकली, पुन्हा थांबली. ती कोरड्या वाळूपर्यंत पोचली आणि मागच्या पायांनी खड्डा उकरायला सुरुवात करणार इतक्यात कुणाच्या तरी फोनचा फ्लॅश उडाला. ती तशीच वळली. चाळीस किलोचं धूड ओढत, श्वास टाकत, पाण्यात गेली. आत अंडी होती तशीच.

खड्डा झाला आणि अंडी घालायला लागली की मादी सहसा उठत नाही. त्याआधी मात्र तिला एवढंसं काही पुरतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पुळणीच्या पार दुसऱ्या टोकाला, खडकाजवळच्या अरुंद पट्टीत एक घरटं सापडलं. भरतीच्या रेषेपासून जेमतेम दोन हात. तीच मादी होती का, हे सांगता येत नाही. त्याच्या मनाने मात्र ती तीच मानली. चांगली जागा सोडून तिला पाणी येणाऱ्या जागी घालावं लागलं ते आपण माणसं आणली म्हणून. त्या रात्रीनंतर त्याने कुणालाही रात्री पुळणीवर नेलं नाही. पाहुणे नाराज झाले, काही परत आले नाहीत. घरात त्यावरून बोलणी झाली. त्याने ती ऐकून घेतली.

गर्दीने फक्त कासवं बदलली नाहीत. पूर्वी संध्याकाळी कातरवेळेलाच सुरूच्या बनातून कोल्ह्यांची कोल्हेकुई सुरू व्हायची, आणि भरतीच्या रेषेवर ते फिरताना दिसायचे. आता ते मध्यरात्रीनंतर, माणसं झोपल्यावर उतरतात. हे त्याच्याच पुळणीवर घडलेलं नाही. २०१८ साली जगभरच्या ६२ सस्तन प्राण्यांच्या जातींवरचे अभ्यास एकत्र करून ‘सायन्स’ नियतकालिकात जो निष्कर्ष आला तो हाच होता: माणूस दिवसा जिथे जिथे पोचला तिथे प्राण्यांनी आपला वावर रात्रीकडे ढकलला. त्याला तो अभ्यास कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, की कासवांनी कुठे ढकलायचा? ती तर आधीपासून रात्रीच येतात. कुत्र्यांचं उलट झालं. उरलंसुरलं अन्न पुळणीवर पडू लागल्यापासून ती वाढली, आणि कोल्ह्याने सोडलेली जागा त्यांनी घेतली. कोल्हा एक घरटं उकरून पोट भरलं की जातो. कुत्र्यांची टोळी एका रात्रीत तीन उकरते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा हंगाम संपला होता, म्हणून अंडी गेली नाहीत. पण पुळण गेली. सुरूचं बरंचसं बन मुळासकट आडवं झालं, मागच्या नारळी-पोफळी मोडल्या, आणि जिथे दहा-बारा वर्षं कुंपण उभं राहत होतं तिथे गुडघाभर कापलेली कड उरली. २०१९च्या दिवाळीत क्यार वादळाच्या लाटा येऊन गेल्याच होत्या, त्यामागोमाग ‘महा’ आलं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अरबी समुद्र असा आठवत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजदाद मांडली आहे: १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. पाणी तापतंय, आणि वादळाचं इंधन तेच आहे.

वादळांनंतर लोकांनी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला. तो बागा जाताना पाहत होता, त्यामुळे त्याला विरोध करता येईना. शेजारच्या गावात काळ्या दगडांचा बंधारा झाला. पुढच्या हंगामात त्याने तिथे एक माग पाहिला. तो आजही काढून दाखवतो, बोटाने, वाळूत. माग सरळ वर येतो, बंधाऱ्याला टेकतो, मग बंधाऱ्याच्या कडेकडेने डावीकडे बरंच अंतर जातो, पुन्हा दगडांना टेकतो, वळतो, आणि पाण्याकडे जाता जाता ओल्या वाळूतच अंडी घातलेली. पुढच्या उधाणाला ती जागा पाण्याखाली जाणार हे उघड होतं. ते घरटं त्याने हलवलं. ते हलवताना त्याच्या मनात जराही शंका नव्हती.

शंका सुरू झाली ती तापमापकाने.

कासवाच्या अंड्यात नर की मादी हे आधी ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात, म्हणजे साधारण विसाव्यापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत, घरट्यात जो ताप असेल त्यावर. २९-३० अंशांच्या आसपास नर-माद्या बरोबरीने होतात. त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या जास्त. ३५च्या वर राहिलं तर गर्भच टिकत नाहीत. डिसेंबरची घरटी साठ दिवस घेतात आणि मार्चची पंचेचाळिसातच फुटतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पण त्या पंधरा दिवसांच्या फरकात पोरगा की पोरगी हेही ठरत असतं, हे त्याने एका कार्यशाळेत पहिल्यांदा ऐकलं. तिथेच ऑस्ट्रेलियाचीही गोष्ट ऐकली. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातली हिरवी कासवं तपासली, तर अजून वयात न आलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या.

तो घरी आला आणि कितीतरी वेळ कुंपणाकडे बघत बसला. मादी स्वतः जागा निवडते तेव्हा एक घरटं केवड्याच्या सावलीत असतं, एक मर्यादवेलीच्या जाळीखाली, एक उघड्यावर, एक जरा ओलीकडे. कुठे नर होतात, कुठे माद्या. त्याने काय केलं होतं? ही सगळी घरटी उचलून एकाच ठिकाणी आणली होती. लक्ष ठेवायला सोपं, पाहुण्यांना उभं राहायला मोकळं, म्हणून भर उन्हातल्या काळसर वाळूत. इतकी वर्षं. पिल्लू बाहेरून पाहून नर की मादी कळत नाही. त्याने समुद्रात सोडलेली हजारो पिल्लं काय होती, हे आता कधीच कळणार नाही.

त्याने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. कुंपण नसतं तर त्यातली बहुतेक अंडी बाजारात नाहीतर कुत्र्यांच्या पोटात गेली असती, आणि नर-मादीचा प्रश्न पडायला पिल्लंच उरली नसती. पण हे समाधान त्याला पुरत नाही, आणि ते त्याने पुरवून घेऊ नये असंही मला वाटतं. जीव वाचवण्याच्या कामातही आपला हात त्या जिवाच्या आयुष्यात किती खोल जातो, हे वाळूत हात घालणाऱ्यालाच दिसतं.

तेव्हापासून कुंपणाची जागा दरवर्षी बदलते. फेब्रुवारी लागला की वर हिरवी शेडनेट चढते. फार तापलं तर पहाटे वरच्या थरावर पाणी शिंपडलं जातं, बेताने, कारण जास्त ओलीने अंडी कुजतात. रोज तीनदा तापमान लिहिलं जातं. आणि जे घरटं भरतीच्या रेषेपासून वर, सावलीत, माणसांच्या वाटेपासून दूर सापडतं, ते तो हलवत नाही. वर जाळी ठोकतो, चारी बाजूंनी झावळ्या टाकतो आणि निघून येतो. हे त्याला फार जड गेलं. कोल्ह्याने एकदा जाळीखालून बीळ काढून अख्खं घरटं खाल्लं, तेव्हा गावातले लोक म्हणाले, बघ, उचललं असतंस तर. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने पुढच्या वेळी जाळी जमिनीत हातभर खोल पुरली.

समुद्रात काय होतं हे त्याला कळत नसे. जाळ्यात अडकलेली कासवं पावसाळ्यात वाहून येतात, कधी पाय तुटलेली, कधी नायलॉनच्या गुंडाळ्यात श्वास घेणारी. ती वाचवायला खलाशांनी जाळं कापावं म्हणून सरकारने २०१८च्या अखेरीस २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. त्याच्या ओळखीच्या एका तांडेलाने जाळं कापलं आणि फोटो काढून आणला, तेव्हा तो फॉर्म भरायला स्वतः तालुक्याला गेला. मग जानेवारी २०२२मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं गेलं. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचं हे काम. तिचं नाव प्रथमा. तिच्यामागोमाग आणखी चौघी. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली. नकाशावरची ती रेघ पाहून त्याला पहिल्यांदा कळलं की आपली पुळण हे तिच्या आयुष्यातलं फक्त एक स्टेशन आहे.

आणि जानेवारी २०२५मध्ये गुहागरला एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या परावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर बसवलेली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं तोवर धरून चाललेलं. ही बातमी आल्यावर तो महिनाभर प्रत्येक मादीचे पुढचे पर बघत होता, टॉर्चला लाल कागद लावून, ती अंडी घालायला लागल्यावर, मागच्या बाजूने. कुणाच्याच परावर पट्टी नव्हती. पण एखाद्या किनाऱ्यावर जागा उरली नाही, तर हा जीव दुसरा समुद्र शोधू शकतो, हे त्याच्या मनात तेव्हापासून घर करून आहे. तिथली वाळू किती तापलेली असेल, हेही.

गेल्या हंगामात केवड्याच्या बेटाखाली एक घरटं होतं, न हलवलेलं. कधी फुटणार, पिल्लं बघायला मिळतील का, म्हणून घरी उतरलेले पाहुणे रोज विचारत. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच सांगितलं, ते दाखवायचं नाही. एकावन्नाव्या दिवशी पहाटे तो तिथे गेला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पिल्लू एकही नाही, फक्त केवड्याच्या मुळांपासून निघून पंख्यासारखे पसरत गेलेले माग, आणि खाली भरतीने अर्धे पुसलेले. तीन दिवसांनी, ठरल्याप्रमाणे, त्याने घरटं उकरून टरफलं मोजली, न फुटलेली अंडी वेगळी काढली, आकडे वहीत लिहिले. मग खड्डा बुजवण्याआधी हात कोपरापर्यंत आत घातला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने आणखी एक शब्द लिहिला: गार.